शुक्रवारची चावी : तालुक्याची टॉकीज डिजिटल झाली तेव्हा

२००५ च्या आसपास महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी टॉकीज चालवणाऱ्या मालकाला धंदा का बसला असं विचारलं असतं, तर त्यानं आधी टीव्हीला शिव्या घातल्या असत्या, मग करमणूक कराला, आणि शेवटी मुद्द्यावर आला असता : पिक्चर वेळेवर मिळत नाही. मुंबई-पुण्यात शुक्रवारी लागलेला पिक्चर त्याच्याकडे यायला कधी महिना, कधी दोन महिने. तोवर गावातल्या केबलवाल्यानं तो दाखवून टाकलेला असे आणि स्टँडसमोरच्या टपरीवर त्याची सीडी चहाच्या दोन-तीन कपांच्या भावात मिळत असे.

हे प्रकरण त्या टॉकीजचं आहे. एक पडदा, सहाशे-आठशे खुर्च्या, बाल्कनी, गावातलाच मालक, आणि वर केबिनमध्ये शेजारी शेजारी उभे असलेले दोन जुने प्रोजेक्टर. अशी टॉकीज पश्चिम महाराष्ट्रात होती, तशीच मराठवाड्यात, खानदेशात आणि विदर्भात. तिचं डिजिटल होणं अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या थिएटरांसारखं झालं नाही. एका अर्थानं ती त्यांच्याही आधी डिजिटल झाली, स्वस्तात झाली आणि वेगळ्या कारणासाठी झाली. त्याची किंमत कुणी, कशी मोजली, ते पाहण्यासारखं आहे.

पिक्चर उशिरा का येई

कारण साधं होतं. ३५ मिलिमीटरच्या एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये लागत. शंभर प्रिंट काढायच्या तर पन्नास-साठ लाख नुसत्या फिल्मवर. वितरक मोजक्याच प्रिंट काढी आणि त्या जिथं जास्त पैसे मिळतील तिथं आधी लावी. धंद्याच्या भाषेत ही ‘ए सेंटर’. तिथला गल्ला उतरला की प्रिंट ‘बी सेंटर’ला, आणि तिथून ‘सी सेंटर’ला. तालुक्याची टॉकीज या रांगेच्या शेवटी उभी. तिच्यापर्यंत पोचलेली प्रिंट म्हणजे पडद्यावर उभा पाऊस पाडणारी, ठिकठिकाणी जोड दिलेली, आवाजात खरखर असलेली. एखादं गाणं अर्ध्यातच सुरू होई, कारण मधले काही फूट आधीच्या कुठल्यातरी गावात कापले गेलेले असत.

मराठी निर्मात्याची अवस्था तर आणखी बिकट. त्याच्या एकूण बजेटातच शंभर प्रिंटांचे पैसे बसत नसत. थोड्याशा प्रिंट काढायच्या आणि त्याच जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरवत राहायचं, ही त्याची रीत. पुण्यात झालेली वाहवा लातूरला पोचेपर्यंत थंड झालेली असे.

त्यामुळे डिजिटल आलं तेव्हा तालुक्याच्या मालकाला चित्राच्या स्पष्टपणाचं फारसं आकर्षण नव्हतं. त्याला शुक्रवार हवा होता.

केबिनमध्ये काय चालायचं

इथं थोडं थांबायला हवं. काय गेलं ते कळायचं तर काय होतं ते आधी कळायला हवं, आणि प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांनी ती खोली आतून पाहिली आहे.

३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी दाखवते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या हिंदी पिक्चरची लांबी साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. दोन-दोन हजार फुटांची सात-आठ रिळं पत्र्याच्या डब्यांतून येत. डब्यांसकट वजन तीस किलोच्या पुढे. एक रीळ वीस-बावीस मिनिटं चाले, म्हणून प्रोजेक्टर दोन. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून तयार ठेवायचं.

रीळ संपायला साधारण आठ सेकंद उरले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमके, तोही सेकंदाच्या सहाव्या भागापुरता. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका, त्याबरोबर इकडची झडप बंद आणि तिकडची उघडी. याला चेंजओव्हर म्हणत. नीट झाला तर खाली बसलेल्या सातशे जणांपैकी एकालाही कळत नसे. चुकला तर पडदा पांढरा, आणि खालून ‘ऑपरेटर!’ अशी आरोळी. या कामाचं कौतुक कुणाला कधी ऐकू येत नाही, शिट्टी मात्र हमखास येते.

प्रकाशाची तऱ्हा आणखी न्यारी. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात विजेची ज्योत पेटवायची. कांड्या जळत जात, त्यांच्यातलं अंतर वाढत जाई, आणि ते सतत सांभाळावं लागे. लक्ष चुकलं की चित्र मंदावलंच. ज्योतीचा धूर धुराड्यातून बाहेर सोडायची सोय असे, तरी केबिन तापलेलीच. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि हा ताप बराच कमी झाला. ऑपरेटरच्या कौशल्यातला पहिला तुकडा खरं तर तेव्हाच गळून पडला, डिजिटलच्या कितीतरी आधी. परदेशी मल्टिप्लेक्सांत तर आडव्या थाळ्यांवर अख्खा पिक्चर एकत्र गुंडाळून ठेवायची सोय झाली. चेंजओव्हरच उरला नाही, आणि एकच माणूस पाच-सहा पडदे पाहू लागला. प्रोजेक्शनिस्टाचं काम डिजिटलनं एका रात्रीत खाल्लं असं जे म्हणतात, ते म्हणून मला पटत नाही. त्याचा बराचसा भाग आधीच खाऊन झाला होता.

तरी जे शिल्लक होतं ते कमी नव्हतं. फिल्म तुटली की दिवे लावायचे, तुटलेली दोन टोकं सरळ कापायची, एका टोकावरचा थर खरवडून सिमेंट (फिल्म चिकटवायचा द्रव) लावायचं आणि दाबून जोड द्यायचा. सरावलेला हात हे दोन-तीन मिनिटांत उरके. कापलेले तुकडे केबिनच्या मागच्या बाजूला पडत आणि शाळेतली पोरं ते वेचून नेत, भिंगासमोर धरून भिंतीवर नायक-नायिका पाहायला. शहरांत एकच प्रिंट दोन थिएटरांत चाले. इथं सहाचा खेळ, तिथं साडेसहाचा, आणि मध्ये सायकलवरून रिळं पोचवणारा पोऱ्या. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं की तिकडच्या थिएटरात मध्यंतर लांबलं.

या कामाला परवाना लागे. मूळ कारण आगीचं. १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे आणि ती पेटली की विझवणं जवळपास अशक्य. म्हणून केबिनच्या भिंतीतल्या झरोक्यांना लोखंडी झडपा, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या, आणि मशिनपाशी परीक्षा देऊन परवाना घेतलेला माणूस. मुंबई सिनेमा (नियमन) अधिनियम १९५३ चा, आणि थिएटरांचे नियम त्याच्याखाली झाले. नायट्रेट गेलं तरी नियमांनी घडवलेली उतरंड टिकली. पोऱ्या म्हणून आत यायचं, रिवाइंडरवर रिळं उलटी गुंडाळायची, मग मदतनीस, मग परीक्षा, मग ऑपरेटर. शिकवणारा तिथलाच थोरला ऑपरेटर. या कामाची शाळा केबिनमध्येच होती, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे त्याचा संबंध येतो.

दोन रस्ते

अमेरिकेत डिजिटल प्रोजेक्शनचा पहिला मोठा जाहीर प्रयोग जून १९९९ मध्ये झाला, ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या नव्या चित्रपटाच्या वेळी, आणि तोही चारच थिएटरांत. पुढं २००२ मध्ये हॉलिवूडच्या सात स्टुडिओंनी मिळून ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’ ही संस्था काढली. तिनं जुलै २००५ मध्ये नियमावली प्रसिद्ध केली : चित्र किमान २०४८ बाय १०८० ठिपक्यांचं, प्रत्येक चौकट जेपेग २००० पद्धतीनं वेगळी दाबलेली, म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून आवळलेली, सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट माहिती, आणि सगळं कुलूपबंद. पिक्चरची फाइल हार्ड डिस्कवर येईल, पण ती उघडणारी चावी वेगळी येईल. ती एकाच थिएटरच्या एकाच सर्व्हरला, म्हणजे पिक्चर साठवून चालवणाऱ्या संगणकाला, लागू, ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंत. धंद्यात तिला केडीएम म्हणतात.

ही यंत्रणा महाग होती. एका पडद्यामागे तेव्हा काही दशलक्ष रुपये लागत. पश्चिमेत त्यावर तोडगा निघाला तो असा : प्रिंट न काढल्यानं स्टुडिओचे वाचणारे पैसे काही वर्षं थिएटरच्या यंत्रखर्चाकडे वळवायचे. याला व्हर्च्युअल प्रिंट फी म्हणाले, थोडक्यात व्हीपीएफ. ज्याचा फायदा त्यानंच भार उचलायचा आणि मशिनचे पैसे फिटले की शुल्क बंद, असा तो हिशेब. नॉर्वेनं तर सगळ्या देशाचे पडदे एका योजनेत घेऊन २०११ मध्ये काम संपवलं. तिथं बहुतेक सिनेमागृहं नगरपालिकांची, त्यामुळे ते जमलं.

आपल्याकडे एवढा पैसा कोण लावणार? पण हिंदी, मराठी किंवा तमिळ पिक्चर दाखवायला हॉलिवूडची नियमावली पाळायची सक्तीही नव्हती. हीच फट दोन भारतीय कंपन्यांनी हेरली. मुंबईची यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईच्या रिअल इमेजची क्यूब. यूएफओनं पिक्चर उपग्रहावरून थेट थिएटरच्या छतावरच्या तबकडीत उतरवायला सुरुवात केली, आणि दाबण्याची पद्धत निवडली एमपेग ४. फाइल लहान, प्रोजेक्टर स्वस्तातले. याला ई-सिनेमा म्हणत आणि हॉलिवूडच्या दर्जाच्या यंत्रणेला डी-सिनेमा.

जाणकारांनी नाकं मुरडली. चित्र पातळ दिसतं, काळा रंग राखाडी होतो, मोठ्या पडद्यावर प्रकाश अपुरा पडतो, या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण तालुक्यातला प्रेक्षक ई-सिनेमाची तुलना डी-सिनेमाशी करत नव्हता. तो करत होता दोन महिने घासलेल्या प्रिंटशी, आणि त्या सामन्यात निकाल पहिल्याच खेळाला लागला.

करार

करार ठिकाणोठिकाणी वेगळे होते, पण सांगाडा एकच. सर्व्हर, तबकडी आणि बहुतेक वेळा प्रोजेक्टरही कंपनीचा. मालकानं अनामत भरायची आणि भाडं किंवा प्रत्येक खेळामागे शुल्क द्यायचं. निर्मात्यानं किंवा वितरकानं त्याचं शुल्क वेगळं द्यायचं. आणि खेळाआधी व मध्यंतरात पडद्यावर दिसणाऱ्या जाहिरातींचे हक्क बऱ्याच अंशी कंपनीकडे, मालकाला त्यातला वाटा. शेवटचं कलम मालकांनी सगळ्यात कमी वाचलं असावं. गावातल्या सराफाची, कापडवाल्याची काचेवर रंगवलेली स्लाइड ही आजवर मालकाची सुटी मिळकत होती. आता देशभरच्या हजारो पडद्यांवर एकाच वेळी साबणाची जाहिरात दाखवता येते म्हटल्यावर त्या पडद्यांची एकत्रित किंमत वाढली, आणि ती एकत्र करणारा मुंबईत बसला होता.

मालकानं एवढं सगळं का मान्य केलं? त्याच्या जागेवर बसून पाहिलं तर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नव्या डी-सिनेमा यंत्रणेला कर्ज कोण देणार, तेही ज्या टॉकीजचा गल्ला दर वर्षी घटतोय तिला? ई-सिनेमात भांडवल जवळजवळ लागत नव्हतं आणि शुक्रवार मिळत होता. मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र त्यानं स्वतःची विहीर बुजवून नळजोडणी घेतली होती. तोटी त्याच्या अंगणात, झडप दुसऱ्याच्या ताब्यात. जुना प्रोजेक्टर त्याचा स्वतःचा होता, आणि प्रिंट हातात आली की तो कुणालाही न विचारता खेळ लावू शकत होता.

शुक्रवार आला

पहिला परिणाम लगेच दिसला. मुंबईत ज्या दिवशी पिक्चर लागला त्याच दिवशी तो तालुक्यात लागला. सीडीवाल्याची आघाडी गेली. शिवाय चित्रात न दिसणारी खूण पेरायची सोय होती. कुणी पडद्यावरून कॅमेऱ्यात चोरून पिक्चर उतरवलाच, तर तो कुठल्या थिएटरात, कुठल्या खेळाला उतरवला ते शोधता येई.

दुसरा परिणाम हिशेबाचा, आणि मला तो पहिल्याहून मोठा वाटतो. टक्केवारीवर पिक्चर लावला की वितरकाला रोजच्या विक्रीचा कागद जाई. त्याला डीसीआर म्हणत. तो खरा आहे का हे पाहायला वितरक आपला प्रतिनिधी पाठवी, तो आठवडाभर गावात राही, आणि त्याच्या जेवणा-राहण्याची बडदास्त मालकच ठेवी. त्यातून काय होई ते सांगायला नको. कागदावर चार खेळ, प्रत्यक्षात पाच. सर्व्हर मात्र प्रत्येक खेळाची नोंद ठेवतो : कधी सुरू झाला, कधी संपला, मध्ये थांबला का. मालकांना हे आवडलं नाही, पण वितरकाचा तालुक्यावरचा अविश्वास त्यामुळेच ओसरला, आणि पहिल्या दिवशी पिक्चर देण्याची त्याची तयारीही त्यातूनच झाली असं मला वाटतं. किती तिकिटं फाटली ते अर्थात सर्व्हरला दिसत नव्हतं. तिथं जुनी कला चालू राहिली.

मराठी सिनेमाला याचा फायदा झाला, आणि तो मोजण्यापलीकडचा. प्रिंटचा खर्च गेल्यावर निर्माता एकदम शे-दीडशे पडद्यांचा विचार करू लागला. २०१६ मध्ये ‘सैराट’ चारशेहून जास्त पडद्यांवर एकाच दिवशी लागला. गर्दी आवरेना म्हणून सातारा जिल्ह्यात मध्यरात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावल्याच्या बातम्या आल्या. रिळांच्या काळात हे झालंच नसतं असं नाही, पण ऑपरेटरनं चोवीस तास रिळं चढवली असती तेव्हा. आणि गल्ल्याचा असा तडाखा चारशे ठिकाणी एकदमच बसायला चारशे प्रिंट लागल्या असत्या, म्हणजे दोन कोटींच्या वर रुपये पिक्चर लागायच्या आधीच.

जत्रेतल्या तंबूंनाही हाच रस्ता धरावा लागला. कार्तिकापासून पावसाळ्याआधीपर्यंत पुसेगाव, पाली अशा यात्रांतून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजांचे मालक ट्रकवरचा जुना प्रोजेक्टर उतरवून डिजिटलकडे वळले, कारण प्रिंट मिळणंच थांबलं. फुजीनं २०१३ मध्ये सिनेमाच्या फिल्मचं उत्पादन बहुतांशी बंद केलं. २०१४ च्या सुरुवातीला पॅरामाउंटनं अमेरिकेत ३५ मिलिमीटर प्रिंट देणं थांबवल्याची बातमी आली. आपल्याकडच्या लॅबही याच काळात फिल्म धुण्याचं काम गुंडाळू लागल्या. आता निवड उरली नव्हती.

ऑपरेटर

त्याचं काय झालं?

मोर्चा निघाला नाही, संप झाला नाही. दोन ऑपरेटर आणि एक पोऱ्या असलेल्या केबिनमध्ये एक माणूस उरला. थोरला निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी घेतलं नाही. धाकटा सर्व्हर शिकला. पोऱ्याला सांगायची गरजच पडली नाही, कारण गुंडाळायला रिळं नव्हती. परवान्यासाठी विजेचं काम शिकावं लागे, त्या जोरावर काही जण वायरमन म्हणून बाहेर पडले. काही जण त्याच टॉकीजमध्ये खाली उतरले, बुकिंगच्या खिडकीत नाहीतर गाड्यांच्या स्टँडवर.

जो वर राहिला त्याचा दिवस असा : सकाळी सर्व्हर चालू करायचा, आलेला पिक्चर पूर्ण उतरला का पाहायचं, खेळांची यादी लावायची, जाहिराती कंपनीकडून आलेल्या क्रमानं आहेत ना ते तपासायचं, आणि वेळेला कळ दाबायची. मध्ये प्रोजेक्टरच्या दिव्याचे तास मोजायचे, जाळ्यांवरची धूळ झटकायची, एसी बंद पडला तर मालकाच्या मागे लागायचं. उष्णता आणि धूळ ही डिजिटल यंत्राची खरी दुखणी, आणि तालुक्यात दोन्हींची टंचाई नाही. मोठ्या मल्टिप्लेक्सांत तर एका संगणकावरून सगळे पडदे चालतात, आणि बिघाडाची खूण ऑपरेटरच्या आधी दूरच्या शहरातल्या नियंत्रण कक्षाला दिसते.

काम हलकं झालं हे खरं. केबिनमधल्या धुराचं, उष्म्याचं, रात्रभर उभं राहण्याचं गुणगान करण्यात अर्थ नाही. ते करतात त्यांनी कार्बनची कांडी हातात धरलेली नसते. पण एक गोष्ट बदलली ती नीट मांडायला हवी. फिल्म तुटली तर दुरुस्ती ऑपरेटरच्या हातात होती. सर्व्हर अडला तर त्याच्या हातात फोन असतो. आणि सर्व्हर अडण्याचं सगळ्यात चमत्कारिक कारण यंत्राशी संबंधितच नसतं. पिक्चर उतरलेला आहे, दिवा चालू आहे, खाली प्रेक्षक बसलेत, आणि चावी आलेली नाही. निर्मात्याचे कुणाकडे पैसे अडकलेत, शुक्रवारी सकाळपर्यंत तडजोड व्हायची आहे, म्हणून केडीएम रोखलेली. दक्षिणेतल्या मोठमोठ्या चित्रपटांचे सकाळचे खेळ या कारणानं रद्द झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. बाहेर गर्दी ओरडते ती मात्र ऑपरेटरच्या नावानंच.

केबिनमधली शाळा बंद झाली, हा दुसरा तोटा. नव्या मुलाला सर्व्हर शिकायला काही दिवस पुरतात, आणि तो शिकला म्हणून त्याचा पगार वाढत नाही. परदेशात त्याची दुसरी बाजू दिसली. २०१५ मध्ये अमेरिकेत एक चित्रपट शंभरेक थिएटरांत ७० मिलिमीटरवर दाखवायचा ठरला तेव्हा यंत्रं गोळा करावी लागलीच, पण यंत्र चालवणारी माणसंही शोधावी लागली. निवृत्त प्रोजेक्शनिस्टांना परत बोलावलं गेलं. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ची आयमॅक्स ७० मिलिमीटर प्रिंट जगभरात फक्त तीस पडद्यांवर लागली. एकेका प्रिंटचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. लोक त्यासाठी दुसऱ्या शहरांत प्रवास करून गेले. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठानं प्रोजेक्शनिस्टांच्या मुलाखती घेऊन त्यांचं काम नोंदवून ठेवायचा स्वतंत्र प्रकल्पच केला. आपले परवानाधारक ऑपरेटर आज साठी-सत्तरीत आहेत. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रिंट आहेत. त्या नीट चालवायच्या तर याच माणसांचे हात लागणार.

भांडण कशावरून झालं

मार्च २०१८ च्या सुरुवातीपासून तेलुगू, तमिळ, मल्याळम आणि कन्नड निर्मात्यांच्या संघटनांनी डिजिटल कंपन्यांना नवे चित्रपट देणं थांबवलं. तमिळमध्ये हा बंद दीड महिन्याहून जास्त चालला. मागणी व्हीपीएफ कमी किंवा बंद करण्याची. निर्मात्यांचं म्हणणं असं : हे शुल्क यंत्राच्या वसुलीसाठी होतं. हॉलिवूडच्या करारांत त्याला मुदत होती, आमच्या करारांत नाही. यंत्रांचे पैसे केव्हाच फिटले, तरी दर आठवड्याला, दर पडद्याला आम्ही भरतोच आहोत. कंपन्या म्हणत, आम्ही नुसतं यंत्र देत नाही. पोचवणं, दुरुस्ती, सुरक्षा हे सगळं चालू ठेवायला रोज पैसा लागतो. शेवटी दर कमी करून तडजोडी झाल्या, भाषेभाषेत वेगवेगळ्या.

या भांडणात थिएटरमालक कुठं होता? मधोमध, आणि गप्प. पडदा त्याचा, पण त्यावर काय दाखवायचं याचं भांडण निर्माता आणि कंपनी यांच्यात. त्याच्याकडे ना चावी, ना पर्यायी यंत्र. जुना प्रोजेक्टर भंगारात गेलेला, आणि तो असता तरी प्रिंट कुठून आणणार?

२०१७ मध्ये यूएफओ आणि क्यूब यांनी एकत्र येण्याची घोषणा केली होती. ते विलीनीकरण पुढं झालं नाही. पण करारांतल्या अटींचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेलाच. यंत्र भाड्यानं देताना थिएटरनं त्यावर फक्त आपल्याकडूनच तयार होऊन आलेला मजकूर दाखवावा, अशा अटींवरून एप्रिल २०२५ मध्ये आयोगानं दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी एक कोटीहून अधिक दंड ठोठावला. वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या मालकानं न वाचता सही केलेल्या कागदांचाच हा वाद, निराळ्या रूपातला.

आणि टॉकीज?

डिजिटलनं ती वाचवली का? तिचं मरण काही वर्षं लांबवलं, असं मी म्हणेन. शुक्रवार मिळाला, पण शुक्रवार फोनवरही आला. खुर्च्या, स्वच्छतागृहं, पार्किंग यांत मालकानं पैसा घातला तिथं टॉकीज टिकली, दोन-तीन लहान पडद्यांत विभागून का होईना. नाही घातला तिथं ती जागेच्या भावाखाली दबली. थिएटर पाडलं तरी त्या जागेवर ठरावीक आसनांचं थिएटर ठेवायचंच, या अटीमुळे कित्येक ठिकाणी ती पाडलीही जात नाही आणि चालतही नाही. नुसती उभी असते. दादरचं चित्रा मे २०१९ मध्ये बंद झालं, तेव्हा त्याच्या केबिनमध्ये डिजिटल यंत्रणाच होती. तंत्रज्ञान अद्ययावत असून भागत नाही, याला याहून दुसरा पुरावा नको. करोनात महाराष्ट्रातली थिएटरं मार्च २०२० ला बंद झाली, त्या नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत उघडली. त्यातून बाहेर न आलेल्या टॉकीजही बऱ्याच.

ज्या चालू आहेत त्यांच्यापुढे आता वेगळाच खर्च उभा आहे. १९५०-६० च्या दशकातला प्रोजेक्टर वंगण घालत, दातऱ्या बदलत चाळीस-पन्नास वर्षं चालला. डिजिटल प्रोजेक्टरचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. पहिल्या पिढीची यंत्रं संपत आलीत आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झालेत. लेझरचे नवे प्रोजेक्टर दिवा बदलण्याचा खर्च वाचवतात, पण घेताना महाग पडतात. पहिल्या खेपेला कंपनीनं यंत्र स्वतः आणून बसवलं, कारण तिला पडद्यांचं जाळं उभारायचं होतं. निर्मात्यानं शुल्क भरलं, कारण त्याची प्रिंट वाचत होती. आता जाळं उभं आहे आणि प्रिंट कुणीच काढत नाही. दुसऱ्या प्रोजेक्टरचा धनादेश फाडायची वेळ आली तेव्हा टेबलाभोवती मालक एकटाच आहे, आणि त्याच्या हातातल्या नव्या करारात यंत्र अखेरीस कुणाचं, जाहिरातींतला वाटा किती आणि शुल्क कधी थांबणार, ही तीन कलमं या वेळी तरी तो वाचतो आहे.